येसूकाकीची आगपेटी

आमच्या वाडीत एक आगपेटी होती. ती हलवायला आठ गडी लागत.

असं म्हटलं की घाटावरची माणसं हसतात, आणि माझी नातवंडं एकमेकांकडे बघतात, आजी गेली कामातून. पण बोटीला आगबोट म्हणायचं, गाडीला आगगाडी म्हणायचं, मग आगीत न जळणाऱ्या तिजोरीला आगपेटी म्हटलं तर बिघडलं कुठं? काड्यांच्या पेटीला आमच्या वाडीत काड्यापेटीच म्हणत, त्यामुळे 'आगपेटी' हे नाव रिकामंच पडलं होतं. वाडीनं ते उचललं आणि येसूकाकीच्या तिजोरीला देऊन टाकलं.

परवा सूनबाईंनी तसलीच एक लोखंडी पेटी घरी आणली. घराचे कागद, जुने फोटो सगळं त्यात राहणार, बाहेर वणवा पेटला तरी आत धग पोचणार नाही, असं ती मला समजावून सांगत होती. मी विचारलं, "आणि तिला घाम आला तर?" सूनबाई हसली. तिला वाटलं, सासूबाई नेहमीसारखी फिरकी घेतायत. या खेपेला मी फिरकी घेत नव्हते. मला येसूकाकी आठवली होती, आणि मग दिवसभर दुसरं काही आठवलंच नाही.

मी लग्न होऊन मालवणच्या किनाऱ्यावर आले ती पन्नास सालानंतर दोन-तीन वर्षांनी. माहेर कुडाळच्या बाजूचं, शेताभाताचं. वय सोळा, अक्कल त्याहून बरीच लहान. लग्नाचा एक फोटो काढलेला होता. त्यात मी खुर्चीत बसलेय, नाकात मावशीची उसनी नथ, आणि चेहरा असा की जणू या माणसावर मोठे उपकार करून मी लग्नाला उभी राहिले. हे बिचारे मागे उभे, खुर्चीची पाठ धरून. लग्नानंतर हे मुंबईला नोकरीवर गेले आणि माझ्याजवळ तो फोटो राहिला. मी तो दिवसातून किती वेळा बघत असे ते सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर, ह्यांना कमी आणि स्वतःला जास्त बघत असे.

मृग जवळ आला तसं सासूबाईंनी फर्मान काढलं, फोटो येसूकडे दे, आगपेटीत राहू दे. आमच्या माहेरी आगपेटी म्हणजे काडेपेटीच. मला काही समजेना. एवढा मोठा फोटो काडेपेटीत कसा मावणार? मग वाटलं, बारीक तुकडे करून ठेवत असतील. मग वाटलं, इथे नव्या सुनेचा फोटो पाऊस लागायच्या आधी जाळायची चाल असेल. समुद्राकाठची माणसं, काय सांगावं. मी तो फोटो भाताच्या कणगीत खुपसला आणि वर बसून रडायला लागले.

सासूबाईंनी शेजारून येसूकाकीला हाक मारली. काकी म्हणजे ह्यांची चुलतकाकी, आमच्या कुंपणापलीकडे तिचं घर. मला ती म्हातारी वाटली. असेल तिशीची, सोळाव्या वर्षी तिशीची बाई म्हातारीच दिसते. ती आली, माझं रडणं ऐकून घेतलं, आणि अशी हसली की तिलाच खांबाला धरून बसावं लागलं. मग माझा हात धरून तिच्या माजघरात घेऊन गेली. "बघ गो चेडवा," म्हणाली, "ही आमची काड्यापेटी."

हिरव्या रंगाची, माझ्या छातीइतकी उंच, पितळी मुठीची तिजोरी होती. जमीन खचू नये म्हणून खाली जांभ्या दगडाचे चिरे बसवलेले. काकीनं कमरेची किल्ली काढली, पण आधी दारावर बोटांनी टकटक केलं, कुणाच्या घरी गेल्यासारखं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "आत इतकी माणसा आसत. एकदम दार उघडला तर कशी दिसतली ती?"

माणसं होती खरीच. वाडीतल्या सगळ्या घरांची. कुणाचे आईबाप, कुणाचा मुंबईत मेलेला भाऊ, कुणाचं बारसं. शिवाय जमिनींचे कागद, पत्रिका, एकाचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र. नाणं आणि दागिना मात्र ती कुणाचा ठेवून घेत नसे. त्यांना आग लागली तर सोनं वितळून सोनंच राहतं, असं तिचं म्हणणं. खण तिनं आपल्या मतानं लावले होते. ज्या दोन घरांचं कुंपणावरून वाकडं होतं त्यांचे फोटो एका खणात कधी ठेवायची नाही. ठेवले तर आतल्या आत भांडतात आणि मला झोप लागत नाही, म्हणायची. एकदा दोन भाऊ वेगळे झाले तर तिनं त्याच संध्याकाळी त्यांच्या बापाचा फोटो खालच्या खणातून मधल्या खणात आणला, कुणाच्याच बाजूला नको म्हणून.

वरच्या खणात एकच फोटो असे. काकांचा.

जगूकाकांना मी कधीच पाहिलं नाही. ते बोटीवर कामाला होते. लहानपणी त्यांचं गवताच्या केंबळी छपराचं घर डोळ्यांदेखत जळलं होतं, आणि घराबरोबर वडिलांचे सगळे कागद. पुढे डोंगरातली कलमांची बाग त्यांना सोडावी लागली, कारण ती आपली आहे हे दाखवायला हातात काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून त्या माणसानं आगीशी वैर धरलं. मुंबईत एका गोऱ्या साहेबाचं हापिस बंद होत होतं, तिथून त्यांनी ही तिजोरी उचलली आणि आगबोटीनं मालवणला आणली. आगबोटीतून किनाऱ्याच्या पडावात उतरवताना ती होडी अशी कलली की होडीवाल्या तांडेलानं तिजोरीला, काकांना आणि काकांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. किनाऱ्यावर बैलगाडी वाळूत रुतली. शेवटी माडाच्या ओंडक्यांवरून लोटत लोटत आठ गड्यांनी ती घरात आणली. हे सगळं काकी असं सांगायची की पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, मी तिथं होते.

तिजोरी बसवली, आपला एक फोटो आत ठेवला, बायकोला सांगितलं की आता काळजी नाही, आणि गणपती झाल्यावर काका बोटीवर गेले. कुठल्याशा परक्या बंदरात ते एका बोटीतून उतरून दुसऱ्या बोटीवर चढले एवढं तिथून आलेल्या एका खलाशानं सांगितलं. त्यानंतर काही नाही. वाईट बातमी नाही, बरी नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला तीन-चार वर्षं झाली होती.

काकी मात्र रडकी बाई नव्हती. नाहीतर मी तिच्याकडे इतकी पडीक राहिलेच नसते. तिला खोड्या आवडायच्या. एकदा जमिनीच्या कामासाठी घाटावरचा एक नवा कारकून आला होता. त्याच्यापुढे आमच्या वाडीतला एक शेतकरी उभा राहिला. हापिसात शुद्ध बोलायचं म्हणून त्यानं आधी घसा साफ केला आणि म्हणाला, "साहेब, माझे सर्व कागद आगपेटीत सुखरूप आहेत." कारकुनाला वाटलं हा आपली टर उडवतोय. शब्दावरून शब्द वाढला आणि अखेर कारकून रागारागानं स्वतःच आगपेटी बघायला वाडीत आला. काकीनं त्याला खळ्यात उभं केलं, घरात गेली, आणि पदराखाली लपवून खरीखुरी काड्यापेटी घेऊन आली. ती त्याच्या हातावर ठेवून अगदी गरीब तोंडानं म्हणाली, "बघा साहेब, ह्यातच आसतले. नीट शोधा." त्या माणसाचा चेहरा बघून मी पडवीतच तोंडात पदर कोंबला. मग तिनं त्याला आत नेलं, खरी तिजोरी दाखवली, कागद दिले, वर सोलकढी पाजली. जाताना तो स्वतःच्या लग्नाचा फोटो ठेवायला देऊ का, असं विचारून गेला.

आता घाम कसा आला ते सांगते.

आमच्या किनाऱ्यावर पाऊस म्हणजे काय हे मी सांगायला नको. चार महिने मीठ पाणी होतं, काडी ओढली तर पेटत नाही, भिंतीला हात लावला तर हात ओला. लोणच्याच्या बरण्यांची तोंडं तेव्हा फडकं बांधून, मेण लावून बंद करतात आणि पाऊस सरेपर्यंत कुणी हात लावत नाही. येसूकाकीनं तिजोरीलाही तोच न्याय लावला. मृगाच्या आधी दाराच्या फटीत मेण भरायची, वरून फडकं चिकटवायची. मग तुमचं कितीही अडलं तरी उघडायची नाही. वारा गेला की बुरा येतो, म्हणायची. तिजोरी आणि बरणी यात फरक असेल, हे वाडीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मीही कुडाळला सात बुकं शिकून आले होते. मीच हौसेनं मेण वितळवून दिलं.

आधीची वर्षं थोडक्यात निभावली असावीत. माझ्या लग्नाच्या वर्षी पाऊस पडला तो असा, की नवरात्र आलं तरी थांबेना. पुढे ऊन पडल्यावर काकीनं मेण खरवडलं, टकटक केलं आणि दार उघडलं. आतून गरम, आंबूस वाफ आली, मुरलेल्या बरणीसारखी. कागद लवले होते, फोटोंच्या कडा वळल्या होत्या, कुणाच्या आजोबांच्या कपाळावर हिरवी बुरशी होती. आणि वरच्या खणात जगूकाकांच्या फोटोला माझा फोटो चिकटला होता. तोंडाला तोंड.

तो तिथं गेला कसा? काकीनंच ठेवला होता. नवा कोरा फोटो, कोवळ्या पोरीचा, म्हणून. वरच्या खणात ते एकटेच असतात, त्यांना पावसात सोबत होईल म्हणून. समोरासमोर ठेवले, बोलायला बरं पडेल म्हणून.

आता मी म्हातारी झालेय, तेव्हा बोलायला हरकत नाही. लग्न लागलं एकाशी, आणि तोंडाला तोंड लावून बसले दुसऱ्याच्या नवऱ्याशी, तेही चुलतसासऱ्याशी. सासूबाईंना हा प्रकार कुणाला सांगावा आणि कसा सांगावा हेच कळेना. मी तर माझ्या फोटोसाठी भोकांड पसरलं. तिथं दुसरं कुणाचं काय चिकटलंय, हे बघायला मला आणखी काही वर्षं लागली. काकी रडली नाही. ती दोन फोटोंची ती जाड वडी तळहातावर घेऊन बसून राहिली. बाहेरून दोन्ही बाजूंनी पाठच दिसत होती.

आम्ही दोघी ती वडी घेऊन मालवणला पास्कू फोटोवाल्याकडे गेलो. पास्कू बडबड्या माणूस, ग्राहकाला खुर्चीत बसवून स्वतःच्याच गोष्टी सांगणारा. त्या दिवशी तो एकदम कमी बोलायला लागला. असल्या तिजोरीच्या भिंतीत पांढरी पूड भरलेली असते म्हणाला, आग लागली की ती पूड पाणी सोडते, म्हणून आतलं जळत नाही. म्हणजे पाणी भिंतीतच असतं. त्यात तुम्ही मेण लावून कोंडलंत. आता एकच उपाय, हे दोन्ही फोटो पाण्यात भिजत घालायचे. सुटले तर दोन्ही सुटतील. नाहीतर रंगाची साय पाण्यावर तरंगेल आणि हातात नुसते कागद राहतील. त्यानं थाळी काढली, त्यात पाणी ओतलं आणि हात पुढे केला.

काकीनं हात मागे घेतला.

"एकदा पाण्यात धाडलंय तेंका," ती म्हणाली. "परत धाडूचंय नाय."

पास्कूनं थाळीतलं पाणी दारातल्या तुळशीला घातलं. किरिस्तावाच्या दारात तुळस कशी, असं मला वाटेवर विचारायचं होतं. काकीचं तोंड बघून विचारलं नाही.

त्या वर्षापासून मेण बंद झालं आणि वाडीत वाळवण सुरू झालं. पाऊस ओसरून ऊन कडकडीत झालं की काकी खळं सारवायची, चटया अंथरायची आणि तिजोरीतली सगळी माणसं उन्हात मांडायची. एकीकडे पावसात सर्दावलेली कोकमाची सोलं सुकतायत, एकीकडे कुणाची पणजी सुकतेय. बायका आपापली माणसं बघायला यायच्या. एखादी नुसतीच सासऱ्याच्या फोटोवर सावली धरून बसायची. मुंबईहून सुट्टीवर आलेला कुणी आपल्या मेलेल्या आईजवळ उकिडवा बसून विडी ओढत राहायचा. काकी काठी घेऊन कावळे हाकायची आणि प्रत्येकाशी बोलायची, फोटोंशीसुद्धा. तिच्या वाळवणाला मी एकदाही चुकले नाही. तसा जमाव मी नंतर कुठल्या जत्रेत पाहिला नाही.

चटईच्या कोपऱ्यात ती वडी असे. काकी दुपारी ती उलटायची, म्हणजे दुसऱ्या पाठीलाही ऊन मिळेल. दर वर्षी मी विचारायची, काकी, माझा फोटो कधी मिळायचा? ती म्हणायची, "तुझो घोव मुंबैत आसा गो. दुसरो काड." हे सुट्टीवर आले की दुसरा फोटो काढू म्हणायचे आणि आंबे खाऊन परत जायचे.

अशी वर्षं गेली. काकांना जाऊन एक तप झालं, आणि भिकूभावजींनी विषय काढला. भिकूभावजी म्हणजे काकांचे धाकटे भाऊ, काकीचे दीर; तिचं ऐकून आम्हीही भावजीच म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. स्थळं यायची, बघून जायची, आणि पुढे काही नाही. देवळात कौल लावला तर घरातल्या एकाचं व्हायचं ते झालेलं नाही, असा कौल आला. बारा वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरून पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला नारळाचं डोकं लावतात आणि रीतसर अग्नी देतात. मग सुतक, मग दिवस, आणि बायकोनं कुंकू पुसायचं. भावजींनी हे सगळं खाली मान घालून सांगितलं. काकी नाही म्हणाली. पुढच्या वर्षीही नाही म्हणाली. ती पोर काकीच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. ती विहिरीवर दिसली की काकी वाट बदलायला लागली. वाडीत बायका काकीसमोर एक आणि पाठीमागे एक बोलायला लागल्या. आगीपासून सगळ्यांचं राखलं, घरच्या पोरीचं मात्र कपाळ जाळलं, इथपर्यंत.

एका सकाळी काकी आमच्या मागच्या दारी आली. मी मासे साफ करत होते. ती उंबऱ्यावर बसली. बराच वेळ मांजराला हुसकत राहिली आणि मग म्हणाली, "चेडवा, माका तेंचा तोंड आठवणा नाय."

मी म्हटलं, कधीतरी असं होतं. ती म्हणाली, कधीतरी नाही. आवाज आठवतो, पाठ आठवते, ओंडक्यावरून तिजोरी लोटताना ओढलेला दंड आठवतो. तोंडाकडे गेलं की तिथं काही नसतं. आता सगळी म्हणतायत तर करूयात. पण कोणाला जाळायचं ते आधी बघूया.

आम्ही परत पास्कूकडे गेलो. पास्कूचे केस आता पांढरे झाले होते, पण आम्हाला बघून तो न विचारता थाळी काढायला उठला. ती वडी त्यानं पाण्यात ठेवली. काकी थाळीजवळ बसली नाही. ती दारात जाऊन बंदराकडे तोंड करून उभी राहिली. पास्कू बोटांनी पाणी हलवत होता, मधेच क्रूस करत होता. मी डोळे मिटून कुठल्या कुठल्या देवांना नवस बोलले. त्यातले काही अजून फेडायचे आहेत. मग पाण्यात एक कागद दुसऱ्यापासून सरकला, जसा माशावरून खवला सरकतो तसा, आणि पास्कू हळूच म्हणाला, "काकी, येवा. काका इले."

जगूकाका पुरे सुटले होते. एक कोपरा गेला होता तेवढाच. माझा फोटो मात्र बघण्यासारखा झाला होता. हे खुर्चीमागे शाबूत, आणि खुर्चीत साडी होती, हात होते, चेहऱ्याच्या जागी पांढरा ढग. उपकार केल्याचा तो चेहरा धुऊन निघाला. फक्त नथ तेवढी वाचली, आणि ती काकांच्या कोटाच्या खांद्यावर चिकटून राहिली.

काकी आली. ओला फोटो पास्कूनं काचेवर ठेवून तिच्यापुढे धरला. तिनं वाकून पाहिलं, परत पाहिलं. फोटोत पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा होता. तेल लावून चापून बसवलेले केस, मिसरूड कोवळं, कोट अंगाला मोठा, आणि डोळ्यांत फोटोवाल्याची भीती.

"हो खंयचो झील?" काकी म्हणाली.

पास्कूला वाटलं, कुठला हा मुलगा म्हणून विचारतेय म्हणजे तिला नीट दिसलं नाही. तो म्हणाला, काकी, हेच काका. ती माझ्याकडे वळली. घाबरली होती असं मी म्हणणार नाही, पण वाट चुकल्यावर माणूस असं बघतं. "हो माका झिलासारखो दिसता," ती म्हणाली. "आमचे असे खंय? आमच्यांचे केस पिकले आता. आमचे जाड झाले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आयुष्यभर ती नवऱ्याला 'ते' म्हणत आली. या पोराला 'हो' म्हणाली, म्हणजे 'हा'. इतकी वर्षं तिच्या मनात काका एकटे थांबले नव्हते. ती चाळिशी ओलांडून गेली तसे तेही तिच्याबरोबर चालत आले होते. त्यांचे केस तिच्या केसांबरोबर पिकले, दात तिच्याबरोबर दुखले. फोटोतला हा मुलगा तिला ओळखू येणार कसा?

घरी येताना ती वाटेत एकदाच बोलली. "गोड आसा गो पोरगो," म्हणाली.

मग भिकूभावजींच्या घरी ती स्वतः गेली आणि विधी करा म्हणून सांगून आली. भटजी आले, पळसाचा माणूस झाला, नारळावर डोळे-नाक काढलं. पुरुष तो घेऊन किनाऱ्यावर निघाले तशा बायका काकीकडे वळल्या. बांगड्या फोडायला एकीनं दगडही आणला होता. काकी ओटीवर बसली होती, कपाळावर कुंकू रोजच्यापेक्षा थोडं मोठंच. भावजी दारात थबकले. म्हणाले, वैनी, आता ता पुसूक होया.

ती उठली. आवाज चढवला नाही. "भावजी, तुमचो भाव गेलो. तुमी तेचा सगळा करा, माझी ना नाय. माझो घोव अजून येवचो आसा."

भटजींनी पोथीत बघितल्यासारखं केलं. शेवटी माझ्या सासूबाई, ज्या कुणाची बाजू कधी घेत नसत, पुढे झाल्या आणि त्या बाईच्या हातातला दगड काढून घेऊन कुंपणाबाहेर टाकला. "तिचा कपाळ, तिचा कुंकू," एवढंच म्हणाल्या आणि घरी जाऊन चुलीला लागल्या.

फोटो काकीनं भावजींना देऊन टाकला. भावाचा फोटो भावाकडे. त्यांनी चौकटीत घालून भिंतीला लावला, वर हार. येणारा-जाणारा खांद्यावरच्या माझ्या नथीकडे बोट करून विचारायचा, हे पदक त्यांना कुठल्या बोटीवर मिळालं? भावजी काहीतरी सांगायचे. पुतणीचं लग्न त्याच वर्षी जमलं. कौल खरा ठरला की पोरीचं नशीब पिकलं, कुणास ठाऊक. लग्नात काकी सगळ्यांच्या पुढे नाचली. पुढे काही बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं, काहींनी मुद्दाम आधी तिला लावायला सुरुवात केली. ती दोन्हीकडे सारखीच हसायची. तिजोरीचा वरचा खण मात्र तिनं रिकामा ठेवला नाही. तिथं सोलांची बरणी ठेवली.

साठ साल उलटून गेल्यावर ह्यांना मुंबईत खोली मिळाली. पाऊस संपून आगबोटी सुरू झाल्या तेव्हा मी पोरांना घेऊन निघाले. मालवणच्या किनाऱ्यावर पडाव लागला होता. माझी बोचकी, पोरं, नारळाचं पोतं, सगळं चढवून झालं. सासूबाईंनी डोळे पुसले. काकीला मी वाकून नमस्कार केला, तर तिनं मला बाजूला ओढलं. मुंबईचा धक्का मोठा असतो ना, विचारलं. बोटीवरची माणसं तिथंच उतरतात ना? मी हो म्हटलं.

"मगे बघत जा," ती म्हणाली. "केस पिकले आसतले. चष्मो लागलो आसतलो. आणि गेल्या पावसापासना उजव्या पायान जरा लंगडतत."

सोळा वर्षांची असते तर हसले असते. पडावात बसल्यावर मात्र मला हुंदका आला आणि तो मी पोराच्या टाळूवर लपवला. मुंबईत पुढे कितीतरी वर्षं, बंदराच्या बाजूनं गेले की म्हाताऱ्या खलाशांचे पाय बघायची मला खोड लागली. किती लंगडे पाहिले. एकदा एकाच्या मागं मागं बरीच चालत गेले, त्यानंच वळून विचारलं, काय पाहिजे बाई. येसूकाकीला मात्र मी परत पाहिलं नाही. ती गेल्याचं कळलं तेव्हा पाऊस होता, बोटी बंद होत्या.

म्हणून मला ती दिसते ती त्या किनाऱ्यावरचीच. पडाव पाण्यात ढकलला, वल्ही पडली, गलका वाढला. मला एकदम सुचलं आणि मी ओरडून विचारलं, "काकी, उंच केवढे?" तिला ऐकू गेलं. तिनं काहीतरी सांगितलं, पण लाटेत ते विरलं. मग ती गुडघाभर पाण्यात आली आणि हात डोक्यावर उंच धरून दाखवला, एवढे. पडाव आणखी लांब गेला. ती तशीच उभी होती, हात हवेत धरून, जशी त्या हाताखाली कुणी उभं आहे. थोडा विचार केला तिनं. आणि मग तो हात चार बोटं खाली आणला.